पिशवीसकट पुरलेली रोपं

उभे राहा. सगळे. मागच्या बाकावरचेही. आणि खिडकीतून बाहेर बघायचंच असेल तर ओढ्याकडे बघा, कारण आज तास त्याचाच आहे. पुस्तकं मिटा.

आज शाळेत येण्याआधी मी ओढ्यावर जाऊन आले. जुलैत याच वर्गाने तिथे वृक्षदिंडी नेली होती. पालखीत रोप, पुढे लेझीम, मागे घोषणा. एका रोपाला अख्ख्या वर्गाने हात लावून फोटो काढला. ज्याचा हात पोचेना त्याने पुढच्याच्या खांद्यावर ठेवला. फोटो शाळेच्या फलकावर अजून आहे, तुम्ही सगळे त्यात दात दाखवताय. आता मार्च आहे. ओढ्याकाठी काय उभं आहे माहीत आहे? काड्या. एक काडी मी उपटून बघितली. हिसका द्यावा लागला नाही, सहज हातात आली आणि तिच्याबरोबर काळी प्लॅस्टिकची पिशवी वर आली. दुसरी उपटली, तिलाही पिशवी. मुळांनी आतल्या आत वेटोळी घातलेली, बाहेर पडायला वाटच नव्हती. पाणी मिळालं नाही म्हणून रोपं मेली, असं तुम्ही सांगणार होतात ना? पाण्याचा प्रश्न पुढचा. ही तर तुम्ही कोंडून मारलीत.

पिशवी फाडायला किती वेळ लागतो? ब्लेडची एक चीर. पण तेवढ्यात पाहुण्यांचं भाषण सुरू झालं असतं आणि टाळ्या वाजवायला उशीर झाला असता.

आता कारणं ऐकू द्या. "बाई, शेळ्यांनी खाल्ली." शेळी काय करणार मग? हिरवं दिसलं की तोंड घालणार, तिला काय वनमहोत्सवाचं परिपत्रक मिळालं होतं? शेळी गावात आहे हे तुम्हाला जुलैत ठाऊक नव्हतं? तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या दारात ती बांधलेली असते. बोरीबाभळीच्या चार काटेरी फांद्या तोडून रोपाभोवती रोवल्या असत्या तर शेळी वळसा घालून गेली असती. "बाई, पाणी घालायचं शिपाईमामांचं काम होतं." कुणी ठरवलं? फोटोत शिपाईमामा कुठे आहेत ते दाखवा मला. फोटो तुमचा आणि कळशी त्यांची, ही वाटणी मला मान्य नाही. "बाई, जाळात गेली." हे मात्र खरं. वरच्या फडातलं पाचट पेटवलं, वाऱ्याने जाळ काठावर उतरला आणि उरलीसुरली रोपं होरपळली. आता सांगा, पाचट कुणी पेटवलं? खाली बघू नका. ऊस तुटून गेला की पाचटाला काडी लावायची, हे कुणाच्या घरचं आहे ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. तेच पाचट आळ्यात वीतभर जाड पसरलं असतं तर ओल टिकली असती आणि निम्मं पाणी वाचलं असतं. जे रोपाच्या अंगावर पांघरायचं, त्यानेच तुम्ही त्याला जाळलंत.

थांबा, अजून खाली बसू नका. मुख्य गोष्ट राहिलीच आहे.

लावलंत काय तुम्ही तिथे? गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ आणि थोडं गिरिपुष्प. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मेक्सिकोकडची, गिरिपुष्पही तिकडचंच. ट्रकमधून जे उतरलं ते तुम्ही लावलं. गुलमोहराशी माझं वैर नाही. शाळेच्या फाटकाशी तो खुशाल मे महिन्यात फुलू दे. पण ओढ्याच्या उतारावर? त्याची मुळं वरच्यावर पसरतात, फांद्या ठिसूळ. वादळात शहरातल्या रस्त्यांवर आधी कोणतं झाड आडवं होतं, ते पेपरात वाचता की नाही? सुबाभूळ तर एकदा काठावर रुजली की शेंगा उधळत पुढचा सगळा काठ बळकावते, दुसऱ्या कशाला डोकं वर काढू देत नाही. तुमची सुबाभूळ मेली, हे एका अर्थी ओढ्याचं नशीबच.

आणि आपल्या ओढ्याची स्वतःची झाडं कोणती? मी जुलैत विचारलं होतं, आज पुन्हा विचारते. हात वर करा. नाही? क्रिकेटच्या संघातला बारावा गडी कोण ते तुम्हाला झोपेत सांगता येतं. ज्या ओढ्यात पोहायला शिकलात त्याच्या काठावरच्या पाच झाडांची नावं येत नाहीत?

मग ऐका आणि लिहून घ्या. पाठ करायला नव्हे, ओळखायला.

अगदी पाण्यात, खडकांच्या फटींत शेरणी असते. झाड कसलं, झुडूप. पानं लांबट आणि चिवट. पूर आला की ती आडवी होते, वरून सगळा लोंढा जाऊ देते आणि पाणी उतरलं की परत उभी राहते. तिची मुळं खडकाला अशी धरतात की उपटताना तुमचे तळहात सोलतील. तिच्याजवळ, ओल्या चिखलात, वाळुंज. तिला बी, पिशवी, रोपवाटिका यातलं काहीही लागत नाही. पावसाळ्यात अंगठ्याएवढी जाड फांदी तोडून ओल्या मातीत दीड वीत खोल खोचली की ती मुळं धरते. तेही जमलं नसतं का तुम्हाला? थोडं वर काठाच्या कडेला उंबर, करंज, जांभूळ. त्याच ओळीत अर्जुन, ज्याला आपल्याकडे अर्जुनसादडा म्हणतात. साल गुळगुळीत, फिकट, तिचे पापुद्रे सुटतात. वरच्या कोरड्या बाजूला निर्गुडी आणि बांबूचं बेट. पायरीपायरीने उतरत गेलेली ही वस्ती आहे. प्रत्येकाला आपली जागा माहीत आहे, तुम्ही मात्र सगळ्यांना एकाच ओळीत, सारख्या अंतरावर उभं केलंत. कवायत होती का ती?

ही झाडं तिथे काय करतात, हे विज्ञानाच्या तासाला सांगितलं होतं. विसरलात, म्हणून पुन्हा सांगते. आपल्या गावात ऊस ओढ्याच्या कडेपर्यंत आला आहे. पहिल्या जोरदार पावसात शेतातली माती आणि तिच्याबरोबर युरिया ओढ्यात उतरतो, ओढ्यातून कृष्णेत जातो. काठावर झाडझाडोऱ्याची पट्टी असली तर पाण्याचा वेग तिथे मोडतो, माती तिथेच बसते आणि खताचा बराचसा भाग मुळं उचलून घेतात. पट्टी नसेल तर ते खत पाण्यात जलपर्णीला मिळतं. मग जलपर्णी काढायला दरवर्षी यंत्रं आणायची, त्याचे फोटो काढायचे, पुढच्या वर्षी पुन्हा यंत्रं. फोटोंचा तुटवडा आपल्याला कधीच पडला नाही.

सावलीचंही तसंच. तुम्हाला वाटतं ती फक्त गुराख्याला बसायला असते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहू शकतो. तेच पाणी ३० अंशांवर तापलं की साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. एप्रिलमध्ये ओढ्याची धार बारीक होते, डोह उघडे पडतात आणि दुपारी पाणी हाताला कोमट लागतं, तेव्हा हा फरक माशाच्या जिवावर बेततो. मेलेले मासे तरंगले की तुम्ही म्हणता, कुणीतरी औषध टाकलं. कधी टाकतातही. पण कधी तो डोह नुसता उघडा पडलेला असतो. आणि झाडांची पानं पाण्यात पडतात, त्याला कचरा म्हणू नका. ती कुजतात, त्यांवर पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या जगतात. त्या अळ्यांवर चतुराची पिल्लं, खेकडे आणि मासे. चतुर लहानपणी पाण्यात राहतो हे किती जणांना माहीत आहे? शेपटीला दोरा बांधून उडवता, तोच चतुर. निलगिरीचं तेलकट पान इथल्या किड्यांना लवकर पचत नाही. करंजाचं, उंबराचं पचतं. हजारो वर्षं ते एकमेकांच्या शेजारी राहिले आहेत.

आता सांगते ते मी पालकसभेतही बोलले होते, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी माना फिरवल्या. कृष्णाकाठी दत्ताच्या स्थानी, औदुंबरला, नरसोबाच्या वाडीला जाऊन उंबराला प्रदक्षिणा घालणारे लोक आपण. आणि घरी आल्यावर ओढ्याकडेच्या उंबराचा वसवा उसाला लागतो म्हणून त्याच्या बुंध्याला कुऱ्हाड. देव तोच, झाड तेच, फक्त उसाचा भाव मधे आला.

वसवा लागतो, हे मी नाकारत नाही. सावलीखालचा ऊस बारीक राहतो, शेतकऱ्याचं नुकसान खरंच होतं. पण शेताच्या बांधावर लावा असं मी कधी म्हटलं? बांधाच्या खालचा उतार आहे ना, जिथे नांगर जाऊ शकत नाही, जिथे आज नुसती घाणेरी आणि रिकाम्या बाटल्या आहेत, तिथे लावा. करंज वाढला तर छाटा, पाला खाचरात घाला, बियांची पेंड खत म्हणून वापरा. आजोबांना विचारा, त्यांना हे सगळं माहीत असतं. वडिलांना सांगा की काठ तुटला तर उसाची सरीच ओढ्यात जाते आणि सातबाऱ्यावर मात्र तेवढंच क्षेत्र राहतं. वीटभट्टीला काठाची माती विकणाऱ्यांनाही हेच सांगा. मुलाने सांगितलं तर घरात ऐकतात. बाईंनी सांगितलं तर म्हणतात, बाईंना काय, पगार चालू आहे.

हेडसर व्हरांड्यात उभे आहेत, मला दिसतंय. उभे राहू देत. पुढचं त्यांनीही ऐकलं तर बरंच.

वनमहोत्सव १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, तेव्हापासून आपण दर जुलैत खड्डे खणतोय. आपल्या राज्याने २०१६ मध्ये एका दिवसात २ कोटी रोपं लावायची ठरवली. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३, मग २०१९ मध्ये ३३ कोटी. आकडा दरवर्षी वाढला. या मोहिमांत मनापासून राबलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना नावं ठेवत नाही. पण वरून आकडा आला की शाळेत काय होतं, ते मला ठाऊक आहे. तक्ता येतो. किती लावली, तो रकाना पहिला. माहिती आज संध्याकाळपर्यंत पाठवा. पुढच्या मार्चमध्ये किती जिवंत आहेत हे विचारायला एवढ्या घाईने कुणी फोन करत नाही. म्हणून सोपं काय, तर ट्रकमधलं रोप घ्या, खड्ड्यात टाका, फोटो चढवा. मुलांना आपण यातून काय शिकवलं? जिवंत गोष्टीची जबाबदारी एका दिवसाची असते, हे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बजावल्यामुळे पर्यावरण हा विषय सगळ्या वर्गांना आला. त्याच्या प्रकल्पवह्या माझ्या कपाटात रचल्या आहेत. एकाच्या वहीतलं 'वृक्षांचे महत्त्व' दुसऱ्याच्या वहीत शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह उतरलं आहे. ओढ्याचं नाव एकाही वहीत नाही.

केनियात वांगारी माथाई नावाच्या एक बाई होत्या. लहानपणी त्यांच्या घराजवळ ओढ्यालगत उंबराच्याच कुळातलं एक मोठं झाड होतं. आई सांगायची, त्याची काटकीही सरपणाला आणायची नाही, ते देवाचं आहे. पुढे त्या शिकायला परदेशी गेल्या. परतल्या तेव्हा ते झाड तोडलेलं होतं आणि ओढाही आटला होता. १९७७ मध्ये त्यांनी गावच्या बायकांना घेऊन रोपं वाढवायला सुरुवात केली. झाड कसं लावायचं ते आम्ही शिकवू, असं म्हणायला वनखात्याचे लोक आले. बायकांनी मात्र आपापल्या शेतात वाढणारी झाडं बघून, त्यांचं बी गोळा करून, हाताला येतील त्या मोडक्या डब्यांत आणि मडक्यांत रोपं केली. त्यांना थोडे पैसेही मिळत, पण खड्ड्याचे नव्हेत, जगलेल्या रोपाचे. २००४ मध्ये वांगारीबाईंना शांततेचं नोबेल मिळालं. त्या बायकांपैकी अनेकींना सही करता येत नव्हती. तुम्ही नववीत आहात, बीजगणित सोडवता.

आता यापुढे काय होणार ते सांगते. यात मतदान नाही.

ट्रकमधलं एकही रोप या शाळेच्या आवारात उतरणार नाही. आपल्याला लागतील ती रोपं आपण करू, आपल्याच ओढ्याच्या झाडांच्या बियांतून. करंजाच्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या आहेत, झाडाखाली पडायला लागल्या आहेत. एका झाडाच्या गोळा करायच्या नाहीत, सहा-सात झाडांच्या करायच्या, म्हणजे एकाचाच गुणदोष सगळ्या काठावर जाणार नाही. शेंग फोडून बी रात्रभर पाण्यात ठेवायचं, मग लावायचं. दोनेक आठवड्यांत कोंब येतो. अर्जुनाची पंखांची फळंही याच दिवसांत मिळतात. त्यांची साल जाड, दोन-तीन दिवस भिजल्याशिवाय ती ऐकत नाहीत, मागच्या बाकासारखीच. जांभळाची गोष्ट वेगळी. जांभूळ पिकतं जूनच्या तोंडावर, आणि त्याचं बी डबीत जपून ठेवलं की मेलं. खाल्लं, धुतलं आणि त्याच दोन-चार दिवसांत मातीत गेलं पाहिजे. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर घाबरू नका, जांभळाची ती रीतच आहे. सगळीच जांभळं तुम्ही झोडपून आणू नका. पाखरांचाही वाटा असतो, आणि उंबर तर लावतात पाखरं आणि वटवाघळंच. त्यांनी ओढ्याकडेच्या भिंतीत रुजवलेलं उंबराचं रोप दिसलं तर उपटून फेकू नका, मला सांगा.

पिशव्या तेलाच्या, दुधाच्या, घरात रिकाम्या झालेल्या. तळाला भोकं पाडलेली. माती, शेणखत आणि थोडी वाळू. पिशव्या अधूनमधून उचलून जागा बदलायची, नाहीतर सोटमूळ भोकातून जमिनीत उतरतं आणि उचलताना तुटतं. लावताना पिशवी फाडायची आणि फाडलेली पिशवी मला मोजून परत द्यायची. जितकी रोपं लावली तितक्या पिशव्या. एक कमी भरली तर सगळा काठ पुन्हा उकरायला लावीन. तीव्र उतारावर खड्डे खणायचे नाहीत. तिथली माती मोकळी झाली की पहिल्याच पुरात जाते. तिथे वाळुंजाच्या फांद्या खोचायच्या. आणि हो, मुलींनी रांगोळी काढायची, पाहुण्यांना ओवाळायचं आणि मुलांनी कुदळ धरायची, हे बंद. कुदळीला मुठीचं काम आहे, मिशीचं नाही.

पाण्याच्या पाळ्या लागतील. दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यातसुद्धा. मामाच्या गावाला जाणाऱ्याने आपली पाळी दुसऱ्याला लावून द्यायची आणि त्याचं नाव मला लिहून द्यायचं. एक उन्हाळा काढून भागत नाही, रोपाचे पहिले दोन-तीन उन्हाळे काढावे लागतात. म्हणजे तुम्ही दहावी होऊन बाहेर पडाल तेव्हा तुमचं झाड आजच्या आठवीच्या हाती द्यावं लागेल. उद्यापासून सातवी-आठवीतला एकेक पोरगा, एकेक पोरगी सोबत घेऊन यायचं. त्यांना तुम्ही शिकवायचं. शिकवताना कळेल तुम्हाला, रोज काय माझ्या वाट्याला येतं ते.

प्रकल्पाचे गुण जुलैत मिळणार नाहीत. पुढच्या मार्चमध्ये काठावर जाऊन देईन, झाडापाशी, वही न उघडता. रोप मेलं तर गुण गेले असंही नाही. पण का मेलं हे मला नीट सांगता आलं पाहिजे. वाळवीने, पुराने की तुमच्या आळसाने. वाळवीचे गुण कापणार नाही.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर डबा खाऊन, गोणपाट घेऊन, करंजाच्या शेंगांसाठी ओढ्यावर यायचं. जुने कपडे घालून या आणि घरी सांगून या. फोन आणू नका.